गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला मासेमारी: फुगवायची कयाक की कडक प्लास्टिकची?

नाशिकमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला फुगवायची कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी अरुंद होडी) सोयीची वाटते, आणि ते बरोबरच आहे. वजन साधारण १५ किलो, डिकीत मावते, पंपाने दहा मिनिटांत तयार. दहा फुटी कडक कयाक २५-३० किलोची. टपावर कॅरियर आणि उचलायला दुसरा माणूस हवाच.

पण खरी परीक्षा काठावर होते. पाणी उतरलं की गाळात बाभळीचे काटे उघडे पडतात. त्याहून वाईट शिंगाळा मासा: कल्ल्यामागचा दातेरी काटा ताठ करून तो उसळतो आणि ट्यूबला भोक पाडतो. म्हणून मासा आधी जाळीत घ्या, पक्कडीने गळ काढा, मगच आत आणा. पॅच आणि गोंद सोबत असू द्या. उन्हात ट्यूबमधली हवा प्रसरण पावते, शिवण उसवू शकते. काठावर ठेवताना थोडी हवा सोडा.

उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो. फुगवलेली कयाक पाण्यावर उंच तरंगते, त्यामुळे भरकटते. मरळ मासा लपतो त्या गवताकडे बेडूक (बेडकाच्या आकाराचं नकली आमिष) नेमका टाकता येत नाही. कडक कयाक सरळ चालते. नांगराचा दोर दोन्हींत टोकालाच बांधा. बाजूला बांधला तर वाऱ्यात कयाक कलंडते.

महिन्यातून एकदाच जाणार असाल तर फुगवायची घ्या. मरळीच्या मागे दर आठवड्याला जाणाऱ्याने कडकच घ्यावी. लाइफ जॅकेट दोन्हींत अंगावर हवं, आणि धरणात मासेमारीचा ठेका असतो, तेव्हा परवानगी आधी विचारा.