गेमचे मुखचित्र: खेळातलेच दृश्य, चित्रकाराकडून करून घेतलेले चित्र, की ठळक नाव?

स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात गेम विक्रीला ठेवणाऱ्या छोट्या चमूपुढे मुखचित्राचा प्रश्न बहुतेक वेळा अगदी शेवटी येतो. दोन-तीन वर्षे गेम घडवण्यात गेलेली असतात, पैसे संपत आलेले असतात आणि दुकानाचे पान उघडायला चार दिवस उरलेले असतात. अशा वेळी सहसा तीन मार्ग समोर असतात: गेममधलेच एखादे चांगले दृश्य कापून त्यावर नाव टाकणे, चित्रकाराला मानधन देऊन स्वतंत्र चित्र करून घेणे, किंवा चित्र मागे ठेवून नावाच्या अक्षरांनाच पुढे आणणे. २०२४ या एका वर्षात स्टीमवर अठरा हजारांहून अधिक गेम आले. एवढ्या गर्दीत ग्राहक आधी चित्र पाहतो आणि ते भावले तरच पुढचे वाचतो, म्हणून ही निवड घाईत करू नये असे मला मनापासून वाटते.

तिन्ही मार्गांची तुलना करण्याआधी चित्र कोणत्या आकारात दिसणार आहे ते पाहायला हवे. गेमकर्ते ज्याला कॅप्सूल म्हणतात, ते मुखचित्र स्टीमला एका नव्हे तर अनेक मापांत लागते. पानाच्या माथ्यावरचे ९२० × ४३०, मुख्य पानावर झळकणारे १२३२ × ७०६, उभे ७४८ × ८९६, विकत घेतलेल्या गेमच्या संग्रहात दिसणारे ६०० × ९००, आणि शोधयादीतले सर्वांत लहान ४६२ × १७४ पिक्सेलचे. ही मापे फायलीची आहेत. प्रत्यक्ष यादीत ते लहान चित्र त्याच्या निम्म्या किंवा त्याहूनही कमी आकारात, म्हणजे फार तर २३१ × ८७ एवढ्या पट्टीत दिसते. रंगवताना आपण सगळे मोठे चित्र डोळ्यांसमोर ठेवतो, अनोळखी ग्राहकाची पहिली भेट मात्र बहुधा या पट्टीशी होते. त्यामुळे पुढची सगळी तुलना मी याच पट्टीवरून केली आहे.

पहिला मार्ग स्वस्त आहे आणि वरकरणी प्रामाणिकही वाटतो, कारण जे गेममध्ये आहे तेच बाहेर दिसते. आमच्या पहिल्या गेमसाठी आम्ही हाच मार्ग धरला होता. जुन्या वाड्याच्या चौकात कंदील घेऊन उभा असलेला मुलगा, मागे लाकडी खांब, वर कडुनिंबाची फांदी, असे ते दृश्य संगणकाच्या पूर्ण पडद्यावर फार देखणे दिसे. तेच चित्र २३१ पिक्सेल रुंदीवर आणले तेव्हा कंदिलाचा चार-पाच पिक्सेलांचा पिवळा ठिपका उरला, मुलगा खांबांच्या तपकिरी रंगात मिसळून गेला, आणि पानांच्या जाळीवर बारीक अक्षरांत लिहिलेले नाव आम्हालासुद्धा ते आधीच ठाऊक होते म्हणूनच वाचता आले. यात दृश्याचा दोष नव्हता. खेळताना खेळाडूला आजूबाजूचे सगळे दिसावे म्हणून कॅमेरा दूर ठेवलेला असतो. मुखचित्राला मात्र एकच वस्तू जवळून दिसायला हवी असते. शिवाय खेळातली दृश्ये पानावर वेगळी लावावी लागतातच, आणि संगणकावर यादीतल्या नावावर माउस नेला की ती लगेच उलगडतात. मग मुखचित्रातही तेच दाखवून ग्राहकाला नवे काहीच मिळत नाही. शहर वसवण्याच्या किंवा कारखाना उभारण्याच्या गेममध्ये, जिथे बारीकसारीक गोष्टींची दाटी हेच आकर्षण असते, तिथे हा मार्ग काही प्रमाणात चालतो. तिथेही कॅमेरा, प्रकाश आणि रंग मुद्दाम मुखचित्रासाठी नव्याने लावून घ्यावे लागतात.

दुसऱ्या मार्गाचे उत्तम उदाहरण आपल्या पुण्यातलेच आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या चमूने २०२० मध्ये ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा गेम आणला. त्यात कॅमेरा बराच लांब असतो, मंदिरे आणि प्रासाद भव्य दिसतात आणि त्यांच्यापुढे राजी लहानशी दिसते. खेळताना या प्रमाणाचाच तर परिणाम होतो. मुखचित्राच्या केंद्रस्थानी मात्र राजी स्वतः आहे. दृश्य कापूनच चित्र केले असते तर या गेमची नायिका यादीत हरवली असती. ‘हॉलो नाइट’मध्येही हेच सूत्र दिसते. शिंगे असलेला पांढरा मुखवटा, दोन काळे डोळे आणि भोवती निळसर काळोख, एवढ्यावर ते चित्र उभे आहे. आकार कितीही लहान केला तरी पांढऱ्यावर काळे हा फरक टिकून राहतो. चित्रकाराला सांगायची मुख्य गोष्ट मला हीच वाटते: एक ठसठशीत बाह्याकृती, प्रकाश आणि काळोख यांच्यात मोठा फरक, आणि गेम कोणत्या प्रकारचा आहे हे सांगणारी एखादीच खूण, मग ती तलवार असो, पत्त्यांतले पान असो की नांगर.

या मार्गाची अडचण वेगळी आहे. चित्र गेमपेक्षा भपकेबाज झाले तर ग्राहक आत येतो आणि निराश होऊन परत जातो. पिक्सेलांच्या साध्या गेमवर चित्रपटाच्या जाहिरातीसारखे तैलरंगी चित्र लावले की असे घडते. २०१३ च्या ‘बायोशॉक इन्फिनिट’च्या खोक्यावर बंदूक खांद्यावर टाकलेला नायक दाखवला, तेव्हा जुन्या चाहत्यांनी तो फार सर्वसाधारण दिसतो म्हणून नाराजी व्यक्त केली. निर्माता केन लेव्हिन यांनी, ते चित्र गेमविषयी काहीच माहिती नसलेल्यांसाठी आहे, अशी भूमिका घेतली, आणि चाहत्यांना मतदान करू देऊन खोक्याच्या आतल्या बाजूला दुसरे चित्र छापले. खोक्याला दोन बाजू असतात म्हणून ते जमले. स्टीमच्या यादीत एकाच चित्राला जागा असते, म्हणून ते अनोळखी माणसासाठी असावे, पण त्यात आपल्या गेमचाच चेहरा दिसावा, ही दोन्ही कामे त्याच चित्राने करायची असतात.

मानधन ठरवताना मोजमापाचे बोलणे आधीच व्हावे. ४६२ × १७४ ही रुंदीला उंचीच्या अडीच पटींहून अधिक असलेली आडवी पट्टी, तर ६०० × ९०० हे सरळ उभे चित्र. एकच सपाट चित्र या दोन्हींत बसत नाही. पात्र, पार्श्वभूमी आणि नाव वेगवेगळ्या थरांत असलेली मूळ फाइल मिळाली पाहिजे आणि व्यावसायिक वापराचे हक्क लेखी घेतले पाहिजेत. एका परिचितांना फक्त सपाट जेपेग मिळाली होती. उभ्या मापासाठी चित्र कापताना नायकाचा हात तुटला आणि नव्याने पैसे द्यावे लागले. आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो: उत्तम चित्रकार उत्तम अक्षरकार असतोच असे नाही. पैसे थोडे असतील तर चित्र थोडे साधे ठेवावे, पण नावाची अक्षरे त्या कामाच्या माणसाकडूनच करून घ्यावीत.

तिसरा मार्ग मला पूर्वी आळसाचा वाटे, आता तसा वाटत नाही. २०२४ च्या ‘बालाट्रो’ने लाल-निळी घुसळलेली पार्श्वभूमी आणि पिक्सेलांतली मोठी अक्षरे यांवर स्वतःची ओळख उभी केली, आणि खेळ पत्त्यांचा असल्याने तिथे नायकाची उणीव भासत नाही. सर्वांत लहान पट्टीत नावाने जवळपास सगळी जागा व्यापावी, असे स्टीमचे मार्गदर्शनही सांगते. म्हणजे दुसरा मार्ग निवडणाऱ्यालाही त्या एका मापापुरते तिसऱ्या मार्गावर यावेच लागते. नाव लहान आणि लक्षात राहणारे असेल, आणि गेममध्ये पात्रापेक्षा नियम महत्त्वाचे असतील, तर हा मार्ग खुशाल निवडावा. नाव चार शब्दांचे असेल तर तो सोडून द्यावा.

देवनागरीत नाव लिहिणाऱ्यांनी इथे थोडे थांबावे. ‘भुईकोट’सारखे नाव घेतले तर भु-चा उकार रेषेखाली जातो, ई-चे वरचे वळण आणि को-ची मात्रा शिरोरेषेच्या वर जातात, आणि ८७ पिक्सेलांच्या उंचीत मधल्या मुख्य अक्षरांना जेमतेम निम्मी जागा उरते. रोमन मोठ्या अक्षरांना ही अडचण नसते. म्हणून देवनागरी नावासाठी जाड वळणाचा, मात्रा आखूड असलेला टंक निवडावा, किंवा अक्षरे हाताने काढून घेताना मात्रा शेजारच्या मोकळ्या जागेत वळवाव्यात. मराठी मासिकांच्या मुखपृष्ठांवर अक्षरकार हे काम पूर्वीपासून करत आले आहेत, आणि ते कसब गेमच्या कामी यावे अशी माझी फार इच्छा आहे.

यंत्राकडून, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेकडून, चित्र निर्माण करून घेण्याचा चौथा मार्गही आता सुचवला जातो. स्टीमने जानेवारी २०२४ मध्ये अशी यंत्रनिर्मित सामग्री वापरली असल्यास तिची माहिती देणे बंधनकारक केले आणि त्यातला बराच भाग ग्राहकांना पानावर दिसतो. पहिल्याच भेटीत अनेक खेळाडूंचे मन त्यामुळे कलुषित होते. मी हा मार्ग सुचवणार नाही.

कोणताही मार्ग घेतला तरी स्टीमच्या मुखचित्रावर काय लिहायचे याला मर्यादा आहे. सप्टेंबर २०२२ पासून त्यावर गेमचे चित्र, नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढेच चालते. परीक्षणातले गुण, पुरस्कारांची नावे किंवा सवलतीची घोषणा चालत नाही. इच.आयओ या छोट्या, स्वतंत्र गेमकर्त्यांच्या संकेतस्थळावर नियम सैल आहेत, ६३० × ५०० चे चित्र पुरते आणि हलते जिफही लावता येते. म्हणून हौशी गेमसाठी तिथे पहिला मार्ग, खेळातलाच एखादा मजेदार क्षण हलता दाखवून, छान चालतो. गूगल प्लेवर ५१२ × ५१२ चे चौकोनी आयकॉन सगळा भार उचलते आणि त्यात नावाला जागाच नसते, त्यामुळे तिथे तिसरा मार्ग जवळपास बाद होतो आणि एखादा चेहरा किंवा एखादी वस्तू लागते.

माझा कौल असा. पात्र किंवा कथा असलेल्या, स्टीमवर पैसे घेऊन विकायच्या गेमसाठी दुसरा मार्ग घ्यावा आणि त्याची तरतूद गेमच्या खर्चात सुरुवातीलाच करावी, कारण ‘लवकरच येत आहे’ असे पान उघडताच विशलिस्ट, म्हणजे गेम पुढे घ्यायचा म्हणून ग्राहकांनी करून ठेवलेली नोंद, जमू लागते आणि तेव्हा लावलेले चित्रच लोक पाहतात. कोड्यांच्या, पत्त्यांच्या, आकड्यांच्या गेमसाठी तिसरा मार्ग पुरेसा आहे. गूगल प्लेवर दोन आयकॉन एकाच वेळी वेगवेगळ्या ग्राहकांना दाखवून तुलना करण्याची सोय आहे. स्टीमवर ती नाही. तिथे चित्र किती वेळा दिसले आणि त्यावरून किती जण पानावर आले, हे आकडे चित्र बदलण्याआधीचे आणि नंतरचे असे शेजारी ठेवावे लागतात, आणि त्या काळात सवलत किंवा महोत्सव नसेल याची काळजी घ्यावी लागते. त्याआधी घरी एक चाचणी करावी: आपल्या प्रकारातल्या अकरा गेमची लहान चित्रे एका पानावर मांडावीत, त्यांत आपले बारावे ठेवावे, सगळी करडी करावीत आणि गेमशी संबंध नसलेल्या कुणाला तरी फोनवर तीन सेकंद दाखवावीत. कोणती आठवतात, आणि आपले आठवत असेल तर तो खेळ कशाचा वाटला, एवढे दोनच प्रश्न विचारावेत. वाड्यातला आमचा मुलगा या चाचणीत कुणालाही आठवला नाही; नंतर करून घेतलेल्या चित्रात फक्त कंदील आणि त्याच्या उजेडात अर्धा चेहरा होता, आणि तो पाच जणांपैकी चौघांना आठवला.