किनारी शहरांतील प्रकल्प: मध्यवर्ती कक्ष की पौरसभा?

बांगलादेशातील आमतली, गलाचिपा यांसारख्या किनारी शहरांच्या हवामान-सज्जतेसाठी आशियाई विकास बँकेने 2014 मध्ये मदत मंजूर केली. असा प्रकल्प ढाक्यातील मध्यवर्ती कक्षाने चालवावा की स्थानिक पौरसभेने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, या पेचात असणाऱ्यांनी खर्च, दर्जा आणि देखभाल पाहावी. निविदा, हिशेबतपासणी आणि चक्रीवादळ निवाऱ्यांचे आराखडे मध्यवर्ती कक्षाला कमी खर्चात व नेमके जमतात. छोट्या पौरसभेकडे तेवढे अभियंतेच नसतात. देखभालीत मात्र पारडे फिरते: पावसाळ्यापूर्वी गटारांतला गाळ काढणे, निवाऱ्याची किल्ली कोणाकडे आहे हे ठाऊक असणे, ही कामे ढाक्यातून होत नाहीत, आणि माझ्या मते खरी कसोटी तिथेच लागते. निवारे, रस्ते अशा मोठ्या बांधकामांना मध्यवर्ती कक्ष योग्य. नाले, पाणीपुरवठा व कचरा यांसाठी पौरसभाच, पण देखभालीच्या स्वतंत्र तरतुदीसह.