जिप्सी किंग २००६: वॉबलिंगसाठी डँपर घेण्याआधी किंगपिन बघा (दहा महिन्यांनंतर)

गेल्या सप्टेंबरात मी मारुती जिप्सीवाल्या मित्रांना छातीठोकपणे सांगत होतो, "नवा स्टेअरिंग डँपर टाका, वॉबलिंग बंद." तो सल्ला मी मागे घेतो. डँपर, म्हणजे स्टेअरिंगचे धक्के शोषणारा शॉक अब्सॉर्बर, वाईट नाही. पण त्याने माझ्या गाडीचा आजार बरा केला नव्हता, नुसता झाकला होता. तो झाकलेला आजार घेऊन मी तीन महिने आई-बाबांना गाडीत बसवून फिरलो, याचं मला अजून वाईट वाटतं.

गाडी एमपीएफआय किंग, एमएच-१२, माझ्याकडे २०१७ पासून. चारही चाकांना पाटे आणि पुढे-मागे सरळ अ‍ॅक्सल, हे तुम्हाला सांगायला नको. गेल्या जूनमध्ये २०५/७० आर १५ काढून २१५/७५ आर १५ टायर टाकले. व्यास साडेतीन सेंटिमीटरने वाढला, म्हणजे गाडी पावणेदोन सेंटिमीटर उचलली गेली, आणि काटा ५७ दाखवतो तेव्हा खरा वेग ६० असतो. पाणंदीत, दगडांवर या टायरांचा फायदा नक्की आहे. पण ते जडही आहेत, आणि इतकी वर्षं दबून असलेली झीज त्यांनी महिन्याभरात वर काढली.

जुलैत पौड सोडून मुळशीकडे चाललो होतो. पाऊस होता, वेग साठच्या आसपास. डावं चाक खड्ड्याच्या काठावरून गेलं आणि स्टेअरिंग हातात राहीना. पुढची दोन्ही चाकं डावी-उजवी फेकली जात होती, बॉनेट थरथरत होतं. हेच ते वॉबलिंग. शेजारी बाबा होते. त्यांनी डॅशबोर्डची दांडी धरली आणि एवढंच म्हणाले, "हळू घे." वेग वीसच्या खाली आला तेव्हा कुठे ते थांबलं.

ज्या गॅरेजला मी पाच वर्षं गाडी देत होतो, त्यांनी आधी दोनदा अलाइनमेंट-बॅलन्सिंग केलं आणि मग डँपर बदलला. मजुरी धरून ३,१०० रुपये. स्टेअरिंग एकदम शांत झालं. मी खूश. नोव्हेंबरात कात्रज-देहूरोड बायपासवर पुलाचा सांधा ओलांडताना पुन्हा तेच झालं, या वेळी मागे ट्रक होता. गॅरेजवाले म्हणाले, "पूर्ण अ‍ॅक्सल उघडावा लागेल, बेचाळीस हजार धरून चला." नेमकं काय झिजलंय, विचारलं. "साहेब, जुनी गाडी आहे, सगळंच झिजलेलं असणार." मला राग आला तो आकड्याचा नाही. चार महिन्यांत तिथे एकानेही पुढचं चाक जॅकवर उचलून हाताने हलवून पाहिलं नव्हतं, त्याचा आला.

हे पाहायला दहा मिनिटं लागतात. पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा. चाक वर आणि खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग, तरीही राहिला तर किंगपिन, म्हणजे वळताना चाक ज्या खिळीवर फिरतं ती. मग डावी-उजवीकडून धरून हलवा. तिथे टायरॉड एंड, म्हणजे स्टेअरिंगच्या दांडीचे सांधे, बोलतात. माझ्याकडे ब्रेकवर आई बसली होती. दोन्ही बाजूंना खेळ तसाच राहिला.

नाना पेठेतून चार किंगपिन बेअरिंग आणली, सोबत दोन्ही नकलांचे (चाक धरून किंगपिनवर फिरणाऱ्या भागांचे) सील किट, आतले अ‍ॅक्सल सील आणि शिम (पत्र्याच्या पातळ चकत्या). दुकानदाराने विचारलं, "ओरिजनल देऊ का लोकल?" बेअरिंग आणि आतले सील ओरिजनल घेतले, बाहेरचे लोकल. बोहरी आळीतून रद्दीवाल्याकडे असतो तसा स्प्रिंगचा ताणकाटा घेतला, १८० रुपयांना. ग्रीससकट सगळं मिळून ५,६०० रुपये.

काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन रविवार चाललं. पुढच्या डिफचं (डिफरन्शिअलचं) ऑइल आधी काढून घ्या, नाहीतर शाफ्ट ओढला की ते फरशीवर येतं. कॅलिपर तारेने पाट्याला बांधा, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत ठेवू नका. उजवी नकल उघडली तर आत ग्रीस नव्हतंच. डिफचं ऑइल मिसळून झालेली काळी, पातळ लापशी होती. आतलं सील कधीच गेलं होतं. खालच्या बेअरिंगची वाटी पुसून उजेडात धरली तेव्हा कारण दिसलं: रोलर जिथे बसतात तिथे तितक्याच बारीक खाचा पडल्या होत्या. नखाने मोजता येत होत्या, अकरा भरल्या, पुढे गंजात मिसळल्या. चाक सरळ असताना रोलर त्या खाचांत बसायचे आणि जरा वळलं की उड्या मारायचे. असल्या सांध्यावर कसलाही डँपर लावला तरी किती दिवस पुरणार?

ताणकाटा इथेच लागतो, नकल फिरवायला किती जोर लागतो ते मोजायला. नव्या बेअरिंगवर नकल बसवायची, पण हब, शाफ्ट आणि बाहेरचं सील न लावता. टायरॉडच्या भोकात काट्याचा आकडा अडकवून काटकोनात ओढायचं आणि नकल हलायला लागते त्या क्षणी काटा वाचायचा. शिम काढली की घट्ट, घातली की सैल. कागदासारखी एक शिम काढली आणि डाव्या बाजूचं वजन ८०० ग्रॅमवरून थेट दीड किलोवर गेलं. उजवीकडे पाच वेळा उघडझाप करून १.४ वर आणलं. वॉचमनकाका टॉर्च धरून उभे होते, काट्यावरचे आकडे तेच मोठ्याने वाचत होते.

हे काम डिसेंबरात झालं, तेव्हापासून गाडी ४,२०० किलोमीटर चालली. ताम्हिणी दोनदा, बायपास रोजचाच. तो पुलाचा सांधा आता ७० च्या वेगातही कळत नाही. मार्चमध्ये मुद्दाम डँपर काढून आठवडाभर चालवली. स्टेअरिंगला खड्डे थोडे जास्त जाणवले, वॉबलिंग शून्य. डँपर परत लावला, कारण जड टायरांना तो उपयोगी पडतो. त्याचं काम तेवढंच आहे.

बाकीच्या कामांबद्दल थोडक्यात. हेडलाइटला रिले टाकून स्वतंत्र वायरिंग केलं, बल्बपाशी १०.९ व्होल्ट यायचे, आता १३.२ येतात, आणि त्याच साध्या ६०/५५ वॉटच्या बल्बचा उजेड पिवळट राहिला नाही. चालकाच्या पायाखालचा पत्रा मॅटखाली सडला होता, तो वेल्डरकडून बदलून घेतला.

लोकल घेतलेल्या बाहेरच्या सीलबद्दल मात्र जानेवारीत मी "चालतंय की" म्हणालो होतो, ते आता म्हणणार नाही. नकल ज्यावर फिरते त्या उजव्या गोळ्यावर एप्रिलपासून ग्रीसची ओली कड दिसते आणि तिच्यावर धूळ बसते. पावसात याच वाटेने पाणी आत जाईल. चारशे रुपये वाचवायला नको होते. ओरिजनल सील कालच आणलंय. या रविवारी उजवी बाजू पुन्हा उघडायची आहे. सील निघालंच आहे तर काटाही पुन्हा लावून बघणार. १.४ चं किती उरलंय, ते इथेच खाली लिहितो.