काम वाटून द्यायचं की उचलू द्यायचं?

रबाळे एमआयडीसीतलं १२ माणसांचं मशीन शॉप. सुपरवायझर सोडून गेला. नवा आणायचा, की माणसांनाच गट म्हणून ठरवू द्यायचं?

खर्च: सुपरवायझरचा पगार दिसतो. गटाचा खर्च लपलेला असतो. रोज १० मिनिटं उभ्याने बोलणं म्हणजे १२ जणांचे मिळून २ तास.

ऐनवेळची अडचण: पावसात ट्रान्सहार्बर लोकल रखडली, तिघे अडकले. सुपरवायझर फोनवर तक्ता बदलत बसतो. गट फळ्यावरच्या चिठ्ठ्या, दर जॉबला एक, हलवून मोकळा होतो. नियंत्रणाच्या शास्त्राचा ब्रिटिश अभ्यासक रॉस अ‍ॅशबी याने १९५६ साली हेच मांडलं होतं: बाहेर जितक्या तऱ्हेची गडबड, तितक्या तऱ्हेचे उपाय आत हवेत. एका डोक्यात ते मावत नाहीत.

शिस्त: इथेच गट फसतो. फळ्यावर तीन रकाने करा: करायचं, चालू, झालं. 'चालू'मध्ये ८ पेक्षा जास्त चिठ्ठ्या नकोत. चिठ्ठी वरचीच उचलायची. क्रम मालकाने सकाळी लावायचा. नाहीतर सोपे जॉब पळतात, किचकट तळाशी कुजतो. बिनसाहेबाच्या कामाला अराजक म्हणा, पण अराजक म्हणजे हुकूम देणारा कोणी नाही, एवढंच. नियम नाहीत असं नव्हे. नियमच नसले की मोठ्या आवाजाचा माणूस बिनपगारी साहेब होतो.

प्रेस मशीनवरचं हात वाचवणारं गार्ड मात्र गटाच्या मतावर सोडू नका.

रोज एकच माल, माणसं नवखी: सुपरवायझर आणा. ऑर्डरी रोज वेगळ्या आणि निम्म्यांना दोन-तीन मशिनं येत असतील तर गट. तोही आधी एकाच पाळीत, ६ आठवडे.