२० किलोचा पीव्हीसी होम जिम सेट: वजन पुरतं, पायऱ्या पुरत नाहीत

'होम जिम कॉम्बो' असं शोधलं की पहिल्या पानावर जो सेट हमखास दिसतो, त्याची घडण ठरलेली आहे. पीव्हीसीच्या कवचात सिमेंट-वाळू भरलेल्या आठ प्लेट (२ किलोच्या ४, ३ किलोच्या ४), १४ इंची डंबेलचे दोन रॉड, ३ फुटी वाकडा कर्ल रॉड (कर्ल म्हणजे कोपरात हात दुमडून वजन उचलणं), लॉक, आणि फोटो भरलेला दिसावा म्हणून हातमोजे, उडीची दोरी, मूठ आवळायचा ग्रिपर. किंमत साधारण दीड ते अडीच हजार. स्टिकर कुणाचंही असलं तरी माल इतका सारखा असतो की एका कंपनीचं परीक्षण करण्यापेक्षा या प्रकारच्याच सेटचं केलेलं बरं.

निकाल आधीच सांगतो. नवीन सुरुवात करणाऱ्याने दंड, खांदे, छाती यांसाठी जरूर घ्यावा, पण आहे तसा वापरू नये. त्यात १ किलोच्या चार प्लेट स्वतंत्र घेऊन घालाव्यात. पायांसाठी आणि पाठीसाठी हा सेट काही महिन्यांतच अपुरा पडतो, हे गृहीत धरूनच पैसे द्यावेत.

चार प्लेट जादा कशासाठी, ते गणित बघा. स्नायू वाढायला हवा तर त्याच्यावरचा ताण हळूहळू वाढत जायला हवा. साधी पद्धत अशी की एक वजन धरायचं, व्यायामाचे तीन सेट, म्हणजे तीन फेऱ्या करायच्या, आणि प्रत्येकीत ८ रेप्सपासून, म्हणजे ८ वेळा उचलण्यापासून सुरुवात करायची. तिन्ही सेटमध्ये १५ रेप्स नीट निघायला लागले की वजन एक पायरी वाढवायचं आणि पुन्हा ८-९ वर यायचं. आता या सेटमध्ये दोन्ही हातांत सारखी डंबेल करायची तर प्रत्येकाच्या वाट्याला २ च्या दोन आणि ३ च्या दोन प्लेट येतात. म्हणजे वजनं फक्त तीन: ४ किलो, ६ किलो आणि एकदम १०. ज्याने ६ किलोने बाजूला हात उचलण्याचा व्यायाम, म्हणजे लॅटरल रेज, १५ वेळा केला, त्याला १० किलोने तो नीट ५ वेळाही जमत नाही. मग कंबरेला झटका देऊन वजन वर फेकलं जातं, खांद्याऐवजी मान दुखते, आणि 'घरी काही होत नाही' असा निष्कर्ष निघतो. दोष ६ आणि १० मधल्या खड्ड्याचा असतो.

अडीच किलोच्या आठ प्लेटवाला २० किलोचा सेट तर याहून वाईट. त्यात ५ आणि १०, संपलं. ५ किलोच्या चार प्लेटवाल्यात एकच वजन मिळतं. वर्णनात 'एकूण २०' एवढंच मोठ्या अक्षरांत असतं. प्लेटची फोड खाली बारीक अक्षरांत असते. ती वाचूनच ऑर्डर द्या.

१ किलोच्या चार प्लेट आल्या की जोडी २, ४, ६, ८, १०, १२ अशी दोन-दोन किलोंनी चढते. त्यांच्या जोडीला अर्ध्या किलोच्याही चार मिळाल्या तर एकेक किलोने, आणि लहान स्नायूंच्या व्यायामांना तेच खरं सोयीचं. या जादा प्लेट मात्र पीव्हीसीच्या घेऊ नका, बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या घ्या. बीड सिमेंटच्या तिपटीहून जड असतं, म्हणून प्लेट पातळ राहते. १४ इंची रॉडची मूठ वजा केली तर प्रत्येक बाजूला जेमतेम ११ सेंटीमीटर जागा उरते. त्यातली दीड-दोन स्टार नट, म्हणजे प्लेट आवळून धरणारा नट, खातो. पीव्हीसीची ३ किलोची प्लेट सव्वातीन-साडेतीन सेंटीमीटर जाड, २ किलोची तीनच्या आसपास. दोन बसल्या की तिसरीला दाटी होते आणि नट अर्ध्याच आट्यांवर राहतो. अर्ध्या आट्यांवरचा नट छातीच्या वर नेऊ नये, हे सांगायला नको. बिडाच्या प्लेट घेताना भोकाचा व्यास रॉडशी जुळतो का ते बघा. ऑलिंपिक रॉडसाठीच्या ५० मिलिमीटर भोकाच्या प्लेट इथे निरुपयोगी.

जादा खर्च करायचाच नसेल तर एक पळवाट आहे. एकच डंबेल भरायचं आणि एका वेळी एकाच हाताने काम करायचं. मग २ च्या चारही प्लेट एका रॉडवर चढवून ८ किलो होतात, ३ च्या चारही चढवून १२. पायऱ्या ४, ६, ८, १०, १२ अशा नीट लागतात. वेळ दुप्पट जातो आणि जमिनीवर झोपून एका हाताने प्रेस करताना, म्हणजे वजन वर ढकलताना, तोल सांभाळावा लागतो. कर्ल, लॅटरल रेज, एका हाताचं रोइंग (वाकून वजन अंगाकडे ओढणं) आणि डोक्यामागून ट्रायसेप (दंडाच्या मागच्या स्नायूचा व्यायाम) यांना मात्र ही पद्धत उत्तम चालते.

वजनाच्या खरेपणाबद्दल. सिमेंट भरलेली प्लेट तंतोतंत उतरेल अशी अपेक्षा करू नका. ३ किलोची २.८ भरली तरी स्नायूला काही कळत नाही. एका टोकाला २.८ आणि दुसऱ्या टोकाला ३.१ असली तर मनगटाला लगेच कळतं. घरच्या तराजूवर आठही तोला, मार्करने खरं वजन लिहा आणि जवळच्या वजनांच्या जोड्या लावा. रॉडचंही वजन घ्या. २५ मिलिमीटर जाडीचा भरीव १४ इंची रॉड सुमारे १.३ ते १.४ किलोचा होतो. त्याच्या निम्म्याहूनही कमी भरला तर तो पोकळ पाइप आहे. एवढ्या वजनाला पोकळ रॉड वाकत नाही, पण आटे लवकर झिजतात.

आता कुठे काय बिघडतं. पहिली तक्रार स्टार नट सैल होण्याची. कर्ल करताना मनगट फिरतं, प्लेट रॉडवर फिरते आणि एका बाजूचा नट आपोआप उलगडत जातो. नटाच्या आत रबरी वॉशर असेल तर हे बरंच कमी होतं. पाकिटात नसेल तर हार्डवेअरच्या दुकानातून आणून घाला. तरीही प्रत्येक सेटआधी दोन्ही नट हाताने आवळायची सवय हवीच. दुसरी गोष्ट खडखडीची: प्लेटचं भोक रॉडपेक्षा मोठं असतं. प्लेट बसते तिथे रॉडवर वायरिंगच्या चिकटपट्टीचे तीन-चार वेढे दिले की आवाजही जातो आणि फिरणंही. तिसरी गोष्ट शिवण उकलण्याची. डंबेल फरशीवर आपटलं की कवच कडेने तडकतं आणि राखाडी भुकटी सांडायला लागते, म्हणजे प्लेट दर आठवड्याला हलकी होत जाते. तड लहान असताना एम-सील लावा, सुकायला एक रात्र द्या. मोठी झाल्यावर उपयोग नसतो. गच्चीत किंवा गॅलरीत उन्हात ठेवलेल्या प्लेट ठिसूळ होतात, तेव्हा घरात, आणि जाड रबरी मॅटवर. खालच्या मजल्यावरच्यांशी संबंधही टिकतील. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात क्रोमखालून गंज येतो. घाम पुसून महिन्यातून एकदा शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवला तर पुरतो.

कर्ल रॉड ही सेटमधली सगळ्यात चांगली वस्तू. त्याच्या वळणामुळे मनगटं सरळ रॉडपेक्षा मोकळी राहतात आणि बाजूला जागा जास्त असल्याने सगळे २० किलो चढतात. त्याच्यासोबतचे स्प्रिंग लॉक मात्र ढिले असतात, तेवढे बदला. हा ३ फुटी रॉड बेंच प्रेसच्या स्टँडवर टेकत नाही, तेव्हा 'बेंचसह कॉम्बो' घेणार असाल तर त्यात ५ फुटी सरळ रॉड आहे का ते आधी पाहा. खरं तर २० किलोसाठी बेंच घेण्यातच अर्थ नाही. हातमोजे पहिल्या महिन्यात उसवतात, ग्रिपर मुलं पळवतात. त्यांच्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

या सेटवर आठवड्यातून तीन दिवस, सोम-बुध-शुक्र, पूर्ण शरीराचा व्यायाम बसवता येतो. जमिनीवर झोपून डंबेल प्रेस, कर्ल रॉडने वाकून रोइंग, बसून खांद्याचा प्रेस, एक पाय मागे स्टुलावर ठेवून बैठक, ताठ पायांनी रॉड खाली नेऊन उचलणं, आणि शेवटी कर्ल व ट्रायसेप. प्रत्येकी ३ सेट, मोठ्या व्यायामांत मध्ये २ मिनिटं विश्रांती. अशाने छाती-पाठीला आठवड्याला ९ सेट मिळतात. नवख्याला तेवढे पुरे, पुढे १२-१५ पर्यंत वाढवा. सेट कुठे थांबवायचा हे महत्त्वाचं: आणखी एक किंवा दोन रेप्स निघतील अशा जागी. ५ ते ३० रेप्समध्ये कुठेही स्नायू वाढतो, अट एवढीच की शेवटचे रेप्स खरोखर जड गेले पाहिजेत. वजन हलकं पडायला लागलं की खाली आणताना ३ सेकंद घ्या. मागच्या पायाला प्लास्टिकचं स्टूल वापरू नका, सरकतं. भिंतीला टेकवलेलं लाकडी हवं.

पायांचं काय, हा प्रश्न राहतोच. दोन्ही पायांवरची बैठक २० किलो घेऊन केली तर काही आठवड्यांत रेप्स ३० च्या पुढे जातात, आणि तिथून पुढे दम वाढतो, मांडी फारशी नाही. तालमीत शेकड्यांनी बैठका मारणाऱ्यांच्या मांड्या बघून कुणी यावर वाद घालेल, पण त्यांच्या बैठकांसोबत कुस्तीही असते आणि वर्षानुवर्षांचा खुराकही. एका पायाच्या बैठकीने हा सेट आणखी काही महिने ताणता येतो. त्यानंतर पायांसाठी आणि पाठीसाठी जिम किंवा भरपूर जड लोखंड, तिसरा रस्ता नाही. छातीसाठी मात्र आहे: १० किलोचा प्रेस सोपा झाला की पाठीवरच्या सॅकमध्ये प्लेट भरून पुश-अप्स.

सेटच्या पाकिटात आहाराचा जो तक्ता येतो तो सरळ बाजूला ठेवा. सकाळी सहा अंडी, दुपारी पाव किलो चिकन, वगैरे. ६० किलोच्या माणसाला दिवसाला किलोमागे १.६ ग्रॅम, म्हणजे ९६ ग्रॅम प्रथिनं पुरतात, आणि ती घरच्या स्वयंपाकात बसतात. सोया चंक्स कोरडे ५० ग्रॅम, त्यात २६. तीन अंडी, १८. अर्धा लिटर दूध, १६. दोन्ही जेवणांत मिळून कच्ची ८० ग्रॅम डाळ, साधारण १८. २०० ग्रॅम पिठाच्या भाकऱ्या किंवा पोळ्या, २०. बेरीज ९८. अंडी चालत नसतील तर १०० ग्रॅम पनीर. सोया एकदम ५० ग्रॅम सुरू केलं तर पोट फुगतं. पहिला आठवडा २५, आणि उकळून दोनदा घट्ट पिळून घ्यायचं. ज्यांची डाळ म्हणजे पातळ वरण असते, त्यांनी वाटीवर विसंबू नये, कच्ची डाळच मोजावी. प्रथिनांचा डबा सोयीसाठी घेतला तर घ्या. क्रिएटिन मोनोहायड्रेट रोज ३ ते ५ ग्रॅम हे एकच सप्लिमेंट पैसे वसूल करतं, मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच.

वजन रोज सकाळी उपाशीपोटी घ्या आणि आठवड्याची सरासरी बघा. आठवड्याला २०० ते ३०० ग्रॅम वाढ योग्य. दोन आठवडे काटा हलला नाही तर एक भाकरी आणि मूठभर शेंगदाणे वाढवा. त्याहून वेगाने वाढत असेल तर कंबरेचं मापही घ्या, कारण वाढ तिथेच चाललेली असते. बारीक अंगाच्या मुलांचं बहुतेक वेळा उलटं असतं. डंबेल नियमित, जेवण तेवढंच, आणि दोष सेटला.

सेट आल्या दिवशीच खोक्यासकट फोटो काढा, प्लेट तोला, चारही स्टार नट शेवटच्या आट्यापर्यंत फिरवून बघा आणि प्रत्येक शिवणीवरून बोट फिरवा. आटे अडकत असतील किंवा दोन समान प्लेटमध्ये पाव किलोहून जास्त फरक असेल तर बदलून मागा, आणि ते परतीची मुदत संपायच्या आत. २० किलोहून जड खोकं परत न्यायला कुरिअरवाला खळखळ करतो, म्हणून सगळं व्यवस्थित निघेपर्यंत मूळ खोकं फाडू नका.