वायर रोप की साखळी? जिनिंगच्या शेडमधला होइस्ट

हिंगणघाट-वणीकडच्या जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात) गाठी बांधायच्या प्रेसची मोटर किंवा पंप उचलायला मुख्यतः दोन पर्याय: वायर रोपचा, म्हणजे पोलादी तारांच्या दोराचा इलेक्ट्रिक होइस्ट, नाहीतर हाताने ओढायचा चेन पुली ब्लॉक.

रोपचं बरं असं की तो बहुधा आधी इशारा देतो. बाहेरच्या तारा तुटून काटे उभे राहतात. पण आतला गाभा कोरडा पडून गंजला, तरी वरून ग्रीस चकचकीतच दिसतं. म्हणून जाडी कॅलिपरने मोजायची. एखाद्या जागी रोप अचानक बारीक भरला, तर आतून गेलाच समजा. ब्रेकचं लायनिंगही झाकणाआड झिजतं. थांबवलेला माल थोडा जरी खाली सरकला, की काम बंद.

साखळी स्वस्त, दणकट, गावातला मिस्त्रीही खोलतो. (भीती नेमकी तीच!) कडीला वेल्डिंग मारलेली साखळी सरळ भंगारात टाका. कडीतली बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही, आणि तुटते ती एका झटक्यात.

रोजचं काम असेल तर रोप. कधीमधीच्या दुरुस्तीला माझं मत साखळीला. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २९ प्रमाणे दोन्हींची १२ महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी लागायचीच; ती सोडू नका. कापूस यायच्या आधी, दसऱ्यापूर्वी ती उरकून घ्या.