घर घेताना रंग बघू नका, पुराची खूण बघा

मी जत तालुक्यातला. आमच्याकडे पाणी टँकरनं येतं, पूर टीव्हीवरच पाहिलेला. पोरांच्या शिक्षणासाठी 2020 च्या शेवटी सांगलीत कर्नाळ रोडच्या बाजूला जुनं बैठं घर घेतलं. 2019 च्या महापुराला वर्षच झालं होतं, म्हणून पहिला प्रश्न तोच विचारला. मालक म्हणाले, "कोपऱ्यावर गुडघाभर होतं, आमच्या उंबऱ्याला शिवलं नाही." मुद्रांक शुल्कातली 3 टक्के सवलत 31 डिसेंबरला संपत होती, त्याआधी दस्त करून टाका म्हणून एजंटानं लकडा लावला.

नदीपासून लांबच्या विश्रामबागेत तेवढ्याच घराला जो भाव होता, त्याहून इथं लाखभरच कमी. मी मनाशी म्हटलं, पाणी येत असतं तर भाव पडला नसता का? फसलो तो इथंच. घेणाऱ्याला पाणी माहीत असेल तरच भाव पडतो. मला कळू दिलं नाही, आणि माझ्या हक्काची सूट विकणाऱ्याच्या खिशात गेली.

घरात सगळा नवा रंग. हॉलच्या भिंतींना खांद्यापर्यंत टाइल्स. हॉलला टाइल्स कशाला, असं बायकोनं विचारलंही. "पोरं भिंती खराब करतात," असं उत्तर मिळालं. विजेचा मीटर हात पुरणार नाही एवढ्या उंचीवर. लोखंडी गेट एका सरळ रेघेपर्यंत गंजलेलं, वर ठणठणीत. एवढं समोर असून मला उमगलं नाही. बँकेचा माणूस वीस मिनिटांत फोटो काढून गेला. 30 वर्षांचा सर्च रिपोर्टही स्वच्छ. त्यात मालकी आणि बोजा बघतात, पाणी कोण बघतो?

जुलै 2021 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 45 फुटांची धोका पातळी ओलांडून 55 च्या घरात गेली. आमच्या हॉलमध्ये कमरेच्या वर पाणी. परत आलो तर घोटाभर चिखल, दिवाण फुगून फाटलेला, कुजलेल्या ज्वारीचा वास. वरच्या ओळीतली एक टाइल सुटली होती. तिच्यामागं तपकिरी रेघ, माझ्या खांद्याएवढी. पंचनाम्याच्या वेळी शेजारच्या मावशी म्हणाल्या, "मागच्या पुरात पण या घराचा पंचनामा झाला होता की. अनुदान मिळालं की त्यांना."

वकिलांना भेटलो. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे माहीत असलेला मोठा दोष विकणाऱ्यानं सांगायलाच हवा, पण साध्या चौकशीत घेणाऱ्याला सापडला नसता असाच दोष. शेजाऱ्यांना का विचारलं नाही, हे कोर्टात माझ्यावरच येणार. शिवाय खरेदीखतात "मिळकत प्रत्यक्ष पाहून, खात्री करून" असं लिहिलंय, खाली माझी सही.

नदीकाठच्या गावात घर बघणाऱ्यांनो, एजंटाला न सांगता एकदा एकटे जा. किराणा दुकानात 2005, 2019, 2021 चं पाणी कुठवर होतं ते विचारा. माणसं अंगावर हात ठेवून दाखवतात. नगररचना विभागात पूररेषेचा नकाशा बघा. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तांबडी 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पंचनामा झाला होता का, हे थेट विचारा आणि उत्तर खरेदीखतात लिहून घ्या.

आता घर विकायला काढलंय. टाइल्स उतरवून ती रेघ उघडी ठेवलीय, शेजारी साल लिहून. दोघं बघून गेले. एकानं निम्मा भाव सांगितला, दुसऱ्यानं परत फोनच केला नाही.